मला अजून खाली ठेवलेलं नाही

मी गदा बोलतेय. गदा म्हटलं की तुम्हाला आखाडा आठवणार, दंड थोपटणारे पैलवान आठवणार. मी त्यातली नाही. मी विद्यापीठाची गदा आहे. वर्षातून एकदा, पदवीदानाच्या दिवशी, मला कपाटातून काढतात, त्या वर्षीच्या सर्वोत्तम शिक्षकाच्या हाती देतात आणि सगळ्यांच्या पुढे मिरवतात. मी दिसले की झाडून सगळी माणसं उभी राहतात. मंचावर माझी म्हणून एक लाकडी बैठक आहे. तिच्यात मला आडवी ठेवली की मगच सगळे बसतात. तोवर ना कोणाला बसता येतं, ना समारंभ सुरू होतो, ना कोणाला पदवी मिळते. हा नियम ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन अडलं.

सध्या मी जिथे आहे तिथे मला बघून कोणी उभं राहत नाही. एक बाई सोडून. तिच्यासाठीच हे सगळं सांगतेय.

माझा जन्मच मारामारीतला. फिलिपीन्समधल्या पनाय बेटावरच्या एका डोंगरउतारावर कामागोंगचं जुनं झाड होतं. आतून काळंकुट्ट, पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडणारं लाकूड. एका वादळाने ते मुळासकट उपटलं आणि चर्चच्या छपरावर आपटलं. मग गावाने कुऱ्हाडी घेऊन त्याच्यावर हल्ला चढवला. करवतींचे दात गेले, एका माणसाचा अंगठा गेला, तेव्हा कुठे ओंडका सुटा झाला.

तो ओंडका नोंग सेल्मोच्या अंगणात येऊन पडला. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला नोंग म्हणतात, बाईला नांग. नोंग सेल्मो संतांच्या मूर्ती कोरायचा, पण तोंडात संतांना शोभेल असं काही नसायचं. पटाशीवर एकेक घाव घालताना तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करी. "लाकूड आहेस का कोणाची सासू? वाक की जरा!" असं ओरडत, घाम पुसत, रक्ताळलेलं बोट चोखत त्याने विद्यापीठासाठी मला घडवलं. माझ्या डोक्याभोवती मोगऱ्याच्या कळ्यांचा घेर कोरला, गळ्यात चांदीचं कडं घातलं. काम संपल्यावर त्याने मला उचलून बघितलं आणि गप्प झाला. त्या माणसाचं गप्प होणं म्हणजे केवढं कौतुक, ते त्याच्या बायकोने मला नंतर तेल लावताना सांगितलं.

ओंडक्याचा एक तुकडा उरला होता. तो बघून विद्यापीठातली दोन पोरं अंगणात आली.

"नोंग, याची एक फळी काढून द्या की. वल्ह्यासारखी, मुठीत धरता येईल अशी."

"कशाला रे? होडी आहे का तुमच्याकडे?"

"भिंतीवर टांगायला. शोभेची."

नोंग सेल्मोने तोंड वाकडं केलं. शोभेच्या वस्तूला मूठ कशाला लागते, हे त्याला कळत होतं. पण भात रोज लागतो, त्याने फळी काढून दिली. ही पोरं एका बंधुमंडळाची होती. आमच्या कॉलेजांतून अशी मंडळं फार. आत शिरायचं तर आधी मार खायचा, मग जन्मभर एकमेकांना 'ब्रदर' म्हणायचं, नोकऱ्या लावून द्यायच्या, एकमेकांची पापं झाकायची. ती फळी माझी सख्खी बहीण. मी गेले काचेच्या कपाटात, ती गेली त्यांच्या भिंतीवर.

माझे दिवस मात्र थाटात गेले. शिक्षकांचे हात मला फार ओळखीचे. एका वनस्पतीशास्त्राच्या सरांचे हात इतके थरथरत होते की माझं कडं वाजत होतं. एका मॅमनी मला धरून मंचाकडे जाताना पुटपुटत आपल्या मेलेल्या नवऱ्याला शिव्या दिल्या, कारण तो म्हणायचा, तुला कोण विचारतंय. कोळ्याची पोर डॉक्टर होऊन पहिली आली, तेव्हा तिच्या गळ्यात पदक घालायला तिची आई मंचावर चढली. आमच्याकडे पदक आईबापच घालतात. त्या बाईच्या हाताला माशांचा वास होता आणि कुलगुरूंनी तोच हात हातात घेऊन कपाळाला लावला. असं काही बघितलं की मला माझ्या वजनाचा अभिमान वाटायचा.

आणि एक गंमत सांगते. मिरवणूक निघाली की दुतर्फा उभ्या असलेल्या आया आपले रुमाल पुढे करून माझ्या अंगाला पुसायच्या. चर्चमध्ये संताच्या मूर्तीला पुसतात तसंच. मग तो रुमाल धाकट्या पोरांच्या कपाळावर फिरवायच्या, म्हणजे तीही शिकतील. पहिली काही वर्षं कुलसचिव ओरडायचे, "अहो, ही देव नाही, गदा आहे!" कोण ऐकतंय! शेवटी त्यांनीही नाद सोडला. एकदा तर त्यांनी स्वतःच, कोणी बघत नाहीसं पाहून, रुमाल फिरवून घेतला. त्यांचा पोरगा नापास झाला होता.

त्या वर्षी मला धरण्याचा मान मॅम उमालींचा होता. त्या गणित शिकवायच्या. लग्न केलं नाही, आवाज करवतीसारखा, अर्धा वर्ग नापास करण्यात त्यांना कधी वाईट वाटलं नाही. पण पावसात जीपनी, म्हणजे आमच्या भाड्याच्या लांबुळक्या जीपगाड्या, बंद पडल्या की विद्यार्थ्यांना घरी नेऊन गरम सूप पाजणाऱ्याही त्याच. मला वर्षातून एकदाच बाहेर काढायची रीत असल्याने सरावाला फरशी पुसायचा दांडा धरून चालावं लागे. मॅम उमाली तो दांडा खांद्यावर घेऊन एवढ्या गंभीरपणे चालल्या, की पोरांना हसू आवरेना.

त्यांच्यामागे टाळ्या वाजवत होता एफ्रेन. एफ्रेन बाल्मेस. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, दोन विषय राहिले होते म्हणून पदवी पुढच्या वर्षावर गेली होती. त्याची आई नांग पासिंग विद्यापीठाच्या फाटकाशी बसायची, झावळीत गुंडाळलेला चिकट भात आणि आंबा विकायची. तिला तो एकटाच होता. बाप समुद्रात गेला तो गेलाच.

"मॅम, दांडा सरळ धरा, नाहीतर कुलगुरूंचं डोकं पुसलं जाईल," एफ्रेन ओरडला.

"तुझ्या उत्तरपत्रिका पुसायला वापरते मी हा. माझा राहिलेला विषय काढ आधी, मग बोल."

त्या वर्षीचं सुवर्णपदक लिआंद्रो व्हिलाकोर्ताला होतं. पोरगा हुशार होताच, त्यात खोटं नाही. बाप माजी नगराध्यक्ष, त्यामुळे चौकाचौकात त्याच्या अभिनंदनाचे फ्लेक्स. हसरा चेहरा, खाली बापाचा त्याहून मोठा हसरा चेहरा. हाच लिआंद्रो त्या बंधुमंडळाचा 'मास्टर' होता. आणि नोकरी मिळेल, आईला फाटकावर बसावं लागणार नाही, या आशेने एफ्रेनने त्याच मंडळात नाव दिलं होतं. मॅम उमालींनी त्याला त्यावरून झाडलं होतं. तो फक्त हसला होता.

पदवीदानाच्या आधीचा रविवार. भर दुपार. कुलसचिवांच्या ऑफिसात फावल्या वेळात काम करणारा रुपर्टो नावाचा विद्यार्थी किल्ली घेऊन आला. त्याने माझं कपाट उघडलं, मला गिटारच्या पेटीत कोंबलं आणि जीपनीत बसून गावाबाहेर नेलं. मला वाटलं, कुठेतरी पॉलिश करायला नेतोय. मी मूर्खासारखी खूश झाले.

पेटी उघडली ती खोबरं वाळवायच्या एका शेडमध्ये. धुराने काळ्या झालेल्या भिंती, कुजक्या खोबऱ्याचा वास, जिनच्या बाटल्या. दाराशी भाड्याने आणलेलं गाण्याचं मशीन मोठ्या आवाजात लावलेलं आणि एक पोरगा माइक धरून बेसूर प्रेमगीत गात होता. रस्त्यावरच्याला वाटावं, कोणाचा तरी वाढदिवस आहे. आत चार नवी पोरं डोळ्यांवर पट्ट्या बांधून भिंतीकडे तोंड करून उभी होती. आणि माझी बहीण कामावर होती.

तिला मी आवाजावरून ओळखलं. आमच्या लाकडाचा आवाज वेगळा असतो, भरीव. ती मांडीवर आपटायची, पोरगं गुरासारखं ओरडायचं, बाकीचे एका सुरात म्हणायचे, "थँक यू, मास्टर!" असं पुन्हा पुन्हा. पोरांच्या मांड्या वांग्यासारख्या झाल्या होत्या. एकाने कपड्यांतच लघवी केली, त्यावरून त्याला आणखी मारलं. मारणारे कोण? उद्याचे वकील, इंजिनीअर, हिशेबनीस. मला अजून तळपायाची आग मस्तकात जाते म्हणावं, तर मला तळपाय नाही. असता तर एकेकाला तुडवला असता.

मग एफ्रेनला मध्ये आणलं, पट्टी काढली. लिआंद्रोने मला दोन्ही हातांनी उभी धरली.

"गुडघ्यावर बस. हिच्या डोक्याचा मुका घे आणि शपथ घे. आमच्याआधी कोणत्याच मंडळाला हे जमलेलं नाही."

एफ्रेन बसला नाही. त्याचा ओठ फाटला होता. तो माझ्याकडे बघत राहिला.

"ही इथे कशी आली?"

"तुला काय करायचंय?"

"मास्टर, ही यंदा मॅम उमालींनी धरायची आहे. मिरवणुकीच्या आधी ही बाहेर काढत नाहीत. आई अख्खं वर्ष वाट बघते हिला रुमाल लावायला." तो धापा टाकत बोलत होता. "मार मी खातो. पाहिजे तेवढा खातो. पण हिला परत ठेवा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. लिआंद्रोला ते हसणं आपल्यावर वाटलं.

"म्हणजे आम्ही हिला हात लावायच्या लायकीचे नाही?"

"आज नाही, मास्टर. मॅम तुमचं नाव वाचतील त्या दिवशी लावा की."

"वाचतीलच नाव. त्याआधी आदर कसा करतात ते तुला शिकवतो."

त्याने मला डोक्यामागे नेलं. एवढ्या वर्षांत मला कोणी वर उचललं की लोक उभे राहायचे. त्या दिवशी मला वर उचललं आणि एक पोरगा खाली पडला. पहिला घाव खांद्यावर, हाड मोडल्याचं मला कळलं. दुसरा डोक्याला, कानाच्या मागे. माझ्या घेरातली मोगऱ्याची एक कळी तिथेच तुटली आणि त्याच्या केसांत, रक्तात रुतून बसली. तिसरा घाव कशाला घातला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दाराशी गाणं संपलं. मशीनने गाणाऱ्याला शंभरपैकी शंभर गुण दिले आणि फटाक्यांचा आवाज काढला.

एफ्रेन एकदाच "नाय" म्हणाला. आमच्याकडे आईला 'नाय' म्हणतात.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. मंडळाला पापं झाकायची सवय होती. त्याला उचलून धबधब्यापाशी नेलं, ओलं केलं, मग दवाखान्यात. फोटो काढताना खडकावरून घसरला म्हणे. पोलिसांनी मान डोलावली. मला रुपर्टोने नळाखाली धुतलं, तुटक्या जागी काळं बूटपॉलिश चोपडलं आणि ती बाजू मखमलीकडे करून कपाटात ठेवलं. मधेच तो कोपऱ्यात जाऊन ओकला. पण कुलूप लावायला विसरला नाही.

मृतदेहाचे केस विंचरताना नांग पासिंगच्या कंगव्यात काहीतरी अडकलं. काळ्या लाकडाची नखाएवढी कळी. तिला वाटलं, धबधब्यातल्या एखाद्या झाडाचं असेल. पोराच्या अंगाला शेवटचं चिकटलेलं म्हणून तिने ती रुमालात गाठ मारून ठेवली. तिच्या घरी लोक रात्रंदिवस बसायला येत होते. लिआंद्रोच्या आईने, सेन्योरा व्हिलाकोर्ताने, कॉफी आणि बिस्किटांचे डबे पाठवले. लिआंद्रोने शवपेटीला खांदा दिला. आमच्याकडे कोणत्याही पोराला लाडाने 'तोतो' म्हणतात. नांग पासिंग त्याच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "तोतो, तू चांगला मित्र होतास त्याचा." हे मला नंतर कोर्टात कळलं. कळलं तेव्हा वाटलं, मी लाकूड आहे तेच बरं. माणूस असते तर जागीच फुटले असते.

पदवीदानाचा दिवस उजाडला. बास्केटबॉलच्या मोठ्या छपराखाली खुर्च्या मांडलेल्या, उकाड्याने झग्यातली पोरं भिजलेली, बँड जोरात. नांग पासिंग काळ्या कपड्यांत पुढच्या रांगेत होती. विद्यापीठाने मोठं मन करून एफ्रेनच्या नावे एक स्मरणपत्र द्यायचं ठरवलं होतं. म्हणजे त्याच मंचावर आधी लिआंद्रोला पदक, मग हिला कागद. मी कपाटातून निघाले तेव्हा माझा एकच धावा चालला होता: हे होऊ देऊ नका. तोंड नसल्याचं दुःख मला त्या दिवशी कळलं.

मॅम उमालींनी मला हातात घेतलं. सगळे उभे राहिले. आयांचे रुमाल पुढे आले. नांग पासिंगनेही आपला रुमाल काढला. कोणासाठी, देव जाणे. तिला धाकटं पोर नव्हतं की कोणी नव्हतं. सवयीने काढला असेल. तिने तो माझ्या डोक्यावरून फिरवला आणि पांढरा रुमाल काळा झाला.

ती थबकली. बोटाने चाचपलं. पॉलिशखाली खड्डा लागला. तिने रुमालाची गाठ दातांनी सोडली, कळी काढली आणि खड्ड्यात ठेवली. कळी आपल्या जागी बसली. जणू कधी हललीच नव्हती.

"मॅम," ती इतक्या हळू म्हणाली की बँडच्या आवाजात फक्त मला आणि मॅमना ऐकू आलं. "हे माझ्या तोतोच्या केसात होतं."

मॅम उमाली थांबल्या. मागची रांग एकमेकांवर आदळली. मॅमनी कळीकडे बघितलं, पॉलिशकडे बघितलं, माझ्या कड्याखाली सुकलेल्या लाल रेषेकडे बघितलं. गणिताच्या बाई त्या. त्यांना वेळ लागला नाही.

"माझ्याबरोबर चल," त्या म्हणाल्या, आणि नांग पासिंगचा हात धरून मंचावर चढल्या.

कुलगुरू हसत पुढे आले. "या मॅम, या. ठेवा गदा."

"नाही ठेवत."

"म्हणजे?"

मॅमनी माइक ओढला. करवतीचा तो आवाज अख्ख्या छपराखाली घुमला. "हिला कपाटातून कोणी काढलं, ते आधी सांगा. एफ्रेन बाल्मेस खडकावरून पडला नाही. हिची कळी त्याच्या डोक्यात होती. जोवर कोणी बोलत नाही, तोवर मी ही गदा खाली ठेवणार नाही."

"मॅम, गव्हर्नर आल्यात," कुलगुरू दात ओठ खात कुजबुजले. "लोक उभे आहेत. आधी ठेवा, मग चौकशी करू, समिती नेमू."

"राहू देत उभे. तो पोरगा आडवा आहे ना!"

एवढ्यात खालून आवाज आला, "ओढा म्हातारीला!" मंडळाची पोरं खुर्च्यांवरून उड्या मारत मंचाकडे धावली. इंजिनीअरिंगची पोरं आडवी आली, आणि मग जे व्हायचं ते झालं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या उडायला लागल्या. झगे फाटले, टोप्या तुडवल्या गेल्या, एकाने पदकाची फीत मुठीला गुंडाळून दुसऱ्याच्या डोळ्यावर मारलं. बँडवाल्याचा ढोल फुटला. आया किंचाळत पोरांना शोधत होत्या, बाप एकमेकांच्या कॉलरी धरत होते. लोखंडी पायाची एक खुर्ची सरळ मॅमच्या उजव्या हातावर आली. मोडल्याचा तो आवाज मला पाठ होता. मॅम कळवळल्या, गुडघ्यावर आल्या, पण डाव्या हाताने मला छातीशी धरून ठेवलं. माझं दुसरं टोक नांग पासिंगने धरलं. मी जमिनीला टेकले नाही.

मग लिआंद्रो आला. त्याने मला धरून ओढलं, आणि ती पकड मी ओळखली. मूठ तीच, जागा तीच.

"मॅम, सोडा! तुम्हाला काही कळत नाही!"

त्याची नजर कळीवर होती. त्याने नखाने ती उपटली आणि तोंडाकडे नेली. गिळणार होता. नखाएवढा तो तुकडा पोटात गेला असता, तर एफ्रेन कायमचा धबधब्यावरून घसरला असता. तेवढ्यात त्याचं मनगट कोणीतरी पकडलं. ती त्याची आई होती. सेन्योरा व्हिलाकोर्ता, मोत्यांची माळ घालून, हातात मुलाचं सुवर्णपदक घेऊन, ते त्याच्या गळ्यात घालायला उभी असलेली.

"मूठ उघड."

"ममा, नंतर सांगतो. आधी घरी चल."

"त्या रविवारी तुझा शर्ट मी हाताने धुतला, मोलकरणीला दिला नाही. नाकातून रक्त आलं म्हणालास. मी विश्वास ठेवला." तिचा आवाज चढत गेला. "लाकडाचा तुकडा कोण गिळतं रे? मूठ उघड!"

त्याने उघडली नाही. तिने फीत धरून पदक गरकन फिरवलं आणि त्याच्या तोंडावर मारलं. एकदा, मग पुन्हा. ओठ फाटला, दात पडला, त्याची मूठ सुटली. कळी मंचावर पडली. नांग पासिंग सरपटत गेली आणि तिने ती तळहाताखाली झाकली. लिआंद्रो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. खालच्या गर्दीतून रुपर्टो ओरडला, "किल्ली माझी होती! मी आणली! मारलं त्याने!" आणि तिथेच फतकल मारून बसला. त्या क्षणी बसलेला तो एकटा होता.

प्रथेप्रमाणे सर्वोत्तम पदवीधराचं नाव गदा धरणाऱ्याने वाचायचं असतं. मॅम उमाली उठल्या. हात लोंबत होता. त्यांनी माइकपाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "एफ्रेन बाल्मेस." मग बैठकीकडे न जाता त्या पायऱ्या उतरल्या आणि मला पोलिसांच्या हवाली केलं.

म्हणजे त्या वर्षीचा समारंभ आमच्या नियमाप्रमाणे सुरूच झाला नाही. बाकीच्या बिचाऱ्या पोरांना पदव्या पोस्टाने गेल्या. त्यांच्या आया अजून हळहळतात, आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही.

आता मी कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. गळ्यातल्या चांदीच्या कड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीय. शेजारी माझी बहीण, ती फळी. आम्ही एका ओंडक्याच्या, पुन्हा एकत्र आलो तर अशा जागी. कळी वेगळ्या पिशवीत. विद्यापीठाने नवी गदा केली म्हणे, फायबरची, सोनेरी, वजनाला हलकी. लोक तिच्यासाठी उभे राहतात. राहू देत. तिचा काही गुन्हा नाही. खटला मात्र सरकत नाही. व्हिलाकोर्तांचे वकील तारखांवर तारखा घेतात. कधी साक्षीदार आजारी, कधी वकील. सेन्योरा साक्ष द्यायला येते, नवरा तिच्याशी बोलत नाही, आणि लिआंद्रो जामिनावर असूनही फ्लेक्सवरून अजून हसतोय, उन्हाने फिकट झालाय इतकंच.

परवा विद्यापीठाचा माणूस विचारायला आला होता, निकालानंतर मला दुरुस्त करून परत नेता येईल का. नवी कळी बसवतो म्हणाला, कळणारसुद्धा नाही. माझं तुम्हाला सांगणं आहे, मला दुरुस्त करू नका. तो खड्डा असू द्या. पुढच्या आयांच्या रुमालाला तो लागू द्या, म्हणजे पोराला विद्यापीठात धाडताना त्या एक प्रश्न जास्त विचारतील.

प्रत्येक तारखेला मला कोर्टात आणून टेबलावर ठेवतात. नांग पासिंग येते. भाताची टोपली बाहेर ठेवते, आत येते आणि उभी राहते. मागच्या तारखेला न्यायाधीश वैतागले.

"बाई, तुमची साक्ष झालीय. बसा आता."

"नाही साहेब. गदा अजून बसली नाही."

"टेबलावर तर ठेवलीय!"

"ते टेबल आहे, साहेब. तिची बैठक नाही."

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. मॅम उमाली, वाकड्या राहिलेल्या हाताने बाक धरत, तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुढची तारीख दिली.

माझं एवढंच मागणं आहे. लवकर निकाल लावा. म्हाताऱ्या बाईचे पाय दुखतात.